पंख्याचं गाणं

डब्लिनमध्येच राहिले असते तर मी गायला लागले नसते, असं मला अजूनही वाटतं. मास्टर्स संपल्यावर चेरीवूडच्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंगची नोकरी लागली आणि राहायला जागा मिळाली सँट्रीत, म्हणजे शहराच्या बरोबर दुसऱ्या टोकाला. आम्ही तिघी मराठी मुली एका फ्लॅटमध्ये होतो. सकाळी अंधारात निघायचं, बस बदलत शहर ओलांडायचं, संध्याकाळी अंधारातच परत यायचं. नागपूरला असताना मी बारा-तेरा वर्षं शास्त्रीय गाणं शिकले होते, परीक्षाही दिल्या होत्या. सँट्रीत मी बाथरूममध्येसुद्धा गात नव्हते, कारण भिंती पातळ होत्या आणि बाहेर कुणीतरी आंघोळीसाठी थांबलेलं असायचं.

मग कंपनीनं घरून काम करायची कायमची मुभा दिली आणि मी आयर्लंडच्या मध्यावरच्या लाँगफर्ड या छोट्या गावी राहायला गेले. तिथं माझ्या ओळखीचं कुणी नव्हतं. खोली स्वस्त होती आणि खिडकीतून शेत दिसत होतं, एवढंच कारण. गावाच्या कडेला एका विधवा बाईंचं घर होतं, त्यातली वरची खोली त्यांनी मला दिली. त्या सत्तरीच्या, उंच, कमी बोलणाऱ्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, कप प्रेसमध्ये आहेत, हवा तेव्हा चहा करून घे. आपल्याकडे प्रेस म्हणजे इस्त्री. मी कपड्यांच्या खोलीत जाऊन इस्त्रीच्या टेबलाभोवती कप शोधत बसले. इथं कपाटाला प्रेस म्हणतात हे कळल्यावर मी हसले, त्याही हसल्या, आणि तिथून आमचं जमलं. इंग्रजीत अहो-जाहो नसतं, सगळे एकमेकांना नावानंच हाक मारतात. मीही मारायचे, पण मनातल्या मनात त्यांना ‘अहो’च म्हणत होते.

त्यांच्या स्वयंपाकघरात रेडिओ दिवसभर चालू असायचा. गावाकडचं स्टेशन. त्यावर सकाळी कोण वारलं आणि दफनविधी कुठे आहे ते वाचून दाखवायचे, मग गुरांच्या बाजाराचे भाव, आणि त्यानंतर लगेच नाचाचं गाणं. कंट्री. मूळ अमेरिकेतलं, पण इथल्या लोकांनी त्यात अ‍ॅकॉर्डियन घालून आपलं करून टाकलेलं. गाण्यांत बहुतेक वेळा कुणाची तरी आई वारलेली असायची, नाहीतर घर विकलेलं असायचं, नाहीतर कुणी परदेशी गेलेलं. चाल इतकी साधी की दुसऱ्या कडव्याला आपणही म्हणू शकू. राग शिकलेल्या माझ्या कानाला सुरुवातीला ते बाळबोध वाटलं. पण मी कामाचे कॉल आटोपून खाली यायचे, भांडी घासायला लागायचे आणि लक्षात यायचं की आपण गुणगुणतोय. घरमालकीणबाई मागे उभ्या राहून ऐकत असत. रेडिओचा आवाज थोडा कमी करत.

एका रविवारी जेवण झाल्यावर त्यांनी विचारलं, की जवळच्या गावातल्या हॉटेलात दुपारी नाच असतो, तू येशील का? मला नाचता येत नाही, असं मी म्हणाले. त्या म्हणाल्या, नाचू नकोस, पण ये. मग त्यांनीच कारण सांगितलं. नवरा असताना दोघं दर रविवारी जायची. तो गेल्यापासून त्या एकदाही गेल्या नव्हत्या. नाचाची इच्छा उरली नव्हती असं नव्हतं. त्या हॉलच्या दारातून एकटीनं आत जाणं त्यांना जमत नव्हतं.

"दारापासून खुर्चीपर्यंत माझ्याबरोबर चाल," त्या म्हणाल्या. "पुढचं मी बघेन."

हॉल म्हणजे लग्नकार्याची मोठी खोली. एका बाजूला चहा आणि सँडविचेस, समोर छोटं स्टेज, मध्ये गुळगुळीत लाकडी फरशी. माणसं बहुतेक साठीच्या पुढची, पण तरुण जोडपीही होती. मी त्यांचा हात धरून खुर्चीपर्यंत गेले. आम्ही बसतो न बसतो तोच एक म्हातारी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली, तिनं हात पुढे केला आणि दोघी बायका वॉल्ट्झ नाचायला लागल्या. माझ्या घरमालकीणबाईंचे पाय मी तोवर फक्त चपलांमध्ये, फरशीवरून घासत जाताना पाहिले होते. ते पाय इतके हलके असतील अशी मला कल्पना नव्हती.

आम्ही दर रविवारी जायला लागलो. मीही वॉल्ट्झ शिकले, जलद ठेक्यावरचा जाइव्ह मात्र मला आजही धड येत नाही. आणि मग एकदा मध्यंतरात त्यांनी मला न विचारताच बँडच्या म्होरक्याला सांगून टाकलं, की ही मुलगी गाते. तो म्होरक्या अ‍ॅकॉर्डियन वाजवायचा. एरवी गुरांच्या बाजारात लिलाव पुकारायचं काम करायचा, त्यामुळे बोलायला लागला की एका श्वासात चार वाक्यं म्हणायचा. त्यानं माझ्याकडे पाहिलं, कुठलं गाणं येतं विचारलं, आणि मी नाही म्हणायच्या आत माझी पट्टी शोधली.

मी रेडिओवर शंभरदा ऐकलेलं एक गाणं म्हटलं. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, छान म्हणतेय. आवाज लागला होता, इतक्या वर्षांनी माइकसमोर उभी होते. मी शब्द जरा ओढले, एका ओळीच्या शेवटी मुरकी घेतली, दुसरी ओळ मुद्दाम उशिरा उचलून नेमकी समेवर आणून ठेवली. नागपूरला याला दाद मिळाली असती. इथं फरशीवरची जोडपी गडबडली. काही थांबली, काही एकमेकांच्या पायांवर पाय देऊन हसायला लागली, काही सरळ चहाकडे गेली. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पण त्या पाहुणीला वाजवतात तशा.

मी उतरले तेव्हा म्होरक्या म्हणाला, आवाज चांगला आहे, पण तू मैफलीत गात होतीस. इथं लोक पायांनी ऐकतात.

घरी येताना गाडीत मला अपमान झाल्यासारखं वाटत होतं, आणि आपलं बारा वर्षांचं शिक्षण त्या फरशीवर कुणाच्या कामाचं नाही याचं वाईटही. पण रात्रभर विचार केल्यावर त्याचं म्हणणं पटलं. आमच्या गाण्यात मधल्या मात्रा मोकळ्या असतात, त्यात गाणाऱ्यानं हवं तसं हिंडावं आणि समेला भेटावं. इथं प्रत्येक मात्रेवर कुणाचा तरी पाय पडायचा असतो. मी हिंडत होते आणि ते माझी वाट बघत एका पायावर उभे होते.

मी त्याला फोन केला आणि शिकवशील का विचारलं. तो म्हणाला, शिकवणार नाही, पण बुधवारी संध्याकाळी आम्ही सराव करतो, येऊन बस. त्याच्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये मी ते सगळं वर्ष बसले. गिटार विकत घेतली, बोटांना घट्टे पडले. सरळ गायला शिकले. सरळ गाणं किती कठीण असतं हे मला तिथं कळलं. हरकत घेतली की त्याआड सूर लपवता येतो, सरळ सुराला आडोसाच नसतो. हळूहळू मला रविवारी एक गाणं मिळायला लागलं, मग दोन. माझा कामाचा परवाना नोकरीपुरताच होता, गाण्याचे पैसे घेणं त्यात बसत नव्हतं, त्यामुळे मी पाहुणी म्हणूनच गात राहिले. स्टेजवर मी त्यांच्यातलीच एक होते, पण पोस्टरवर नव्हते. ते मला बरंच होतं. नाव नसलं की चुकायला भीती वाटत नाही.

दुसऱ्यांची गाणी म्हणता म्हणता आपलं लिहावंसं वाटायला लागलं. पहिली काही गाणी मी लिहिली ती आज आठवली तरी कसंतरी होतं. त्यांत हिरव्या टेकड्या होत्या, दगडी कुंपणाची वाट होती, चुलीत पीटची, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीची, ढेकळं जळत होती, आणि दारात वाट बघणारी एक पांढऱ्या केसांची आयरिश आई. यमकं अगदी चोख. मी ती स्वयंपाकघरात म्हणून दाखवली. घरमालकीणबाईंनी ब्रेडला लोणी लावता लावता ऐकलं आणि विचारलं, ही वाट कुणाच्या घराकडे जाते? मी ती वाट दुसऱ्यांच्या गाण्यांतून उचललेली होती.

माझी आई नागपूरला असते. ती मला रोज व्हिडिओ कॉल करते, इथल्या दुपारी, तिच्या संध्याकाळी, पोळ्यांच्या वेळेला. फोन धरायला तिला हात मोकळा नसतो, म्हणून ती तो ओट्यावर उताणा ठेवून देते. त्यामुळे मला आई दिसत नाही. मला छताचा पंखा दिसतो. तो गरगर फिरत असतो, मधूनच लाटणं धरलेला हात जातो, तव्याचा धूर जातो, आणि आईचा आवाज येत राहतो, "जेवली का? आवाज येऊन राहिला ना?" कितीतरी वर्षं मी आईशी बोलतेय म्हणजे त्या पंख्याशी बोलतेय. मी तिला कधी सांगितलं नाही की फोन सरळ धर. सांगितलं असतं तर पोळ्या थांबल्या असत्या.

तेच मी लिहिलं. इंग्रजीत, वॉल्ट्झच्या ठेक्यात, जो मला मनात दादऱ्यासारखा ऐकू येतो. परदेशी असलेली मुलगी, फोनमध्ये फिरणारा पंखा आणि चेहरा न दिसणारी आई. एका शनिवारी सकाळी बसले आणि जेवायच्या आत ते झालं. त्यानंतर इतक्या सहज दुसरं काहीच झालेलं नाही.

बुधवारी शेडमध्ये ते म्हणून दाखवलं. ड्रमरला आवडलं. म्होरक्याला चाल आवडली, पण पंखा आवडला नाही. तो म्हणाला, या देशात कुणाच्या घरात छताला पंखा आहे? ऐकणारा नाचता नाचता विचारात पडेल, आणि विचारात पडला की पाय चुकेल. पंख्याच्या जागी खिडकीवरचा पाऊस घाल, पाऊस सगळ्यांच्या घरी असतो. मी म्हणाले, माझ्या आईच्या फोनमध्ये पाऊस दिसत नाही. तो म्हणाला, गाणं तुझ्या आईसाठी आहे की हॉलसाठी?

पायांबद्दल त्याचं एकदा खरं ठरलं होतं. मी पाऊस घातला.

त्या रविवारी गाणं झालं आणि फरशी भरलेली राहिली. कुणाचा पाय चुकला नाही. म्होरक्यानं खुशीत मान हलवली. मला मात्र स्टेजवर असताना सारखं वाटत होतं की मी दुसऱ्याच कुणाच्या तरी आईबद्दल सांगतेय, आणि ती बाई मला ओळखतही नाही. गाणं संपलं. लोक टाळ्या वाजवून पुढच्या गाण्यात नाचायला लागले. दोन रविवार असंच झालं.

तिसऱ्या रविवारी मी पंखा परत घातला. त्याला सांगितलं नाही. ठरवून केलं असंही नाही. ती ओळ आली आणि तोंडातून पंखाच निघाला. अ‍ॅकॉर्डियनवरून म्होरक्यानं मान वर करून माझ्याकडे पाहिलं. मी डोळे समोर ठेवले. जोडपी फिरत राहिली. पंख्यानं कुणी अडखळलं नाही, कुणी विचारात पडलेलं दिसलं नाही. मग मला उलटीच धास्ती वाटायला लागली, की कुणी ऐकलंच नसेल. पंखा काय, पाऊस काय, या लोकांना सारखंच.

मध्यंतरात मी चहाचा कप घेऊन उभी होते तेव्हा एक बाई आल्या. मी त्यांना अनेकदा नाचताना पाहिलं होतं, बोलणं कधी झालं नव्हतं. त्यांनी माझं कौतुक वगैरे केलं नाही.

त्या म्हणाल्या, "माझा मुलगा ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. तो म्हणतो, आई, मला तुझं फक्त कपाळ दिसतं आणि स्वयंपाकघरातला दिवा. मी दर वेळी फोन नीट धरते आणि बोलता बोलता विसरते."

मी त्यांना विचारलं, की तो तुम्हाला फोन सरळ धरायला सांगतो का.

"आधी सांगायचा," त्या म्हणाल्या. "आता सांगत नाही. मला वाटायचं, कंटाळला असेल."

एवढं बोलून त्या माझ्या दंडाला हात लावून गेल्या. त्यानंतर त्यांच्या टेबलावर बराच वेळ काहीतरी बोलणं चाललं होतं, आणि मी पाहिलं की दोन-तीन बायका फोन काढून एकमेकींना दाखवत होत्या, तो कसा धरतात ते.

संध्याकाळी सामान गाडीत भरताना म्होरक्या पंखा सोडून बाकी सगळ्याबद्दल बोलत होता. शेवटचा स्पीकर आत ढकलल्यावर म्हणाला, "पंखा राहू दे." आणि दार लावता लावता, "पण दुसऱ्या कडव्यात तू घाई करतेस."

पुढचं सगळं हळूहळू झालं. एका मित्राच्या मित्राच्या गोठ्यात, म्हणजे आता स्टुडिओ केलेल्या गोठ्यात, आम्ही ते गाणं रेकॉर्ड केलं. गावाकडच्या स्टेशननं ते एका सकाळी लावलं, मृत्यूच्या बातम्या आणि गुरांच्या भावांनंतर. घरमालकीणबाईंनी रेडिओचा आवाज एवढा वाढवला की मला वर माझ्या ऑफिसच्या कॉलमध्ये माझंच गाणं ऐकू आलं आणि मी माइक बंद करून जिन्यात येऊन बसले. लोक ते परत लावायला सांगायला लागले. बहुतेक फोन आयांचे होते.

मी रेकॉर्डिंग आईला पाठवलं, शब्दांचा अर्थ मराठीत लिहून. त्या दिवशी तिचा फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी आला तेव्हा फोन तिच्या हातात होता, सरळ, आणि ती दिवाणखान्यात सोफ्यावर बसली होती. केस नीट विंचरलेले. मी विचारलं, स्वयंपाक झाला का? ती म्हणाली, नंतर करते. मग म्हणाली, "तुला इतकी वर्षं पंखा दिसून राहिला होता, तर सांगितलं काऊन नाही?"

मी म्हणाले, मला तो आवडतो. तिला ते पटलं नाही. तिला वाटलं, आपल्या वेंधळेपणावर मुलीनं गाणं केलं आणि ते साऱ्या देशानं ऐकलं. ती रागावली नव्हती, ती अवघडली होती. त्यानंतर कितीतरी दिवस ती रोज सोफ्यावर बसून, फोन समोर धरून बोलायची. तिचा पूर्ण चेहरा मला दिसायचा, आणि बोलणं दहा मिनिटांत संपायचं. समोरासमोर बसल्यावर दोघींना काही सुचायचं नाही. पोळ्या लाटताना ती जे सहज बोलून जायची, शेजारची भांडणं, बाबांचं पथ्य, स्वतःचं दुखणंखुपणं, ते सोफ्यावर येईना.

तेव्हा मी पहिल्यांदा विचार केला की आपण लिहितो तेव्हा त्या माणसाकडून काहीतरी घेतो, आणि ते परत देता येत नाही. गाणं खोटं असतं तर हे झालं नसतं. ते खरं होतं म्हणूनच आईला तिचा फोन ओट्यावर ठेवणं दिसलं, आणि एकदा दिसल्यावर तिला ते विसरता येईना. हॉलमधल्या बाईंना त्या गाण्यातून त्यांचा मुलगा थोडा परत मिळाला असेल; माझी आई मात्र माझ्यापासून थोडी लांब गेली. पुढे सणाच्या दिवसांत पुरणपोळ्यांच्या गडबडीत तिचा फोन आपोआप ओट्यावर गेला आणि हळूहळू सगळं पूर्ववत झालं. तिच्या ते लक्षात येऊ नये म्हणून मी नुसतं पुरणाचं प्रमाण विचारत राहिले.

यथावकाश माझा परवाना बदलला आणि मी गाण्याचं काम रीतसर करू शकले. नोकरी आता आठवड्यातून तीनच दिवस करते. पोस्टरवर नाव असतं, खालच्या बाजूला, निम्म्या वेळा चुकीच्या स्पेलिंगनं. एका गणपतीत डब्लिनच्या मराठी मंडळींनी बोलावलं. त्यांना भावगीतं हवी होती, ती मी म्हटली, आणि शेवटी पंख्याचंही. मोठी माणसं सौजन्यानं ऐकत होती. इथं वाढलेली त्यांची मुलं मात्र पुढे येऊन उभी राहिली आणि कार्यक्रमानंतर एक छोटी मुलगी मला तिच्या पक्क्या आयरिश उच्चारात म्हणाली, की तिच्या आजीच्या फोनमध्ये पंखा नाही, भिंतीवरचं घड्याळ दिसतं.

घरमालकीणबाईंवर, त्या हॉलच्या दारावर, एक गाणं लिहावं असं फार दिवस मनात आहे. या वेळी मी आधी विचारलं. त्या चहा संपवून म्हणाल्या, आत्ता नको. मी लिहिलं नाही. हे मराठीत लिहितेय हे मात्र त्यांना सांगितलंय. त्या म्हणाल्या, इथं कुणाला वाचता येतंय, ग्रँड. ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ‘चालेल’.

मागच्या महिन्यात मी नवीन गाणं म्हणून पाहिलं, सँट्रीहून चेरीवूडला जाणाऱ्या बसवरचं. दुसऱ्या कडव्यापर्यंत अर्धी फरशी रिकामी झाली होती. लोक खुर्च्यांवर बसून आदरानं माझ्याकडे पाहत होते, म्हणजे काम फसलं होतं. मी शेवटची ओळ कशीबशी पुरी केली. म्होरक्यानं टाळ्यांची वाटही न बघता जाइव्ह सुरू केला, माणसं खुर्च्या सरकवत उठली, आणि मी त्याच्या बोटांकडे बघत गिटारवरचा कॉर्ड बदलला आणि त्याच्या मागोमाग वाजवायला लागले.